अकरा, पस्तीस, एकशे दहा : घरच्या सर्व्हरवरची मंद डिस्क

घरच्या सर्व्हरवर एक टेराबाइट फोटो आणि व्हिडिओ चढवायचे आहेत. सेकंदाला ११० मेगाबाइट वेग मिळाला तर काम अडीच तासांत होतं. ३५ मिळाला तर आठ तास लागतात. ११ मिळाला तर पंचवीस तास उलटले तरी कॉपी चालूच असते. हे तीन आकडे मी उगाच निवडलेले नाहीत. बाहेरची हार्ड डिस्क लावलेल्या घरगुती सर्व्हरबद्दल तक्रार निघते तेव्हा पडद्यावर बहुतेक वेळा यांपैकीच एखादा आकडा दिसत असतो आणि प्रत्येकामागचं कारण वेगळं असतं. ११ दिसला की नेटवर्कची केबल किंवा जुना राउटर तपासावा. ३५ दिसला की यूएसबी २.० वर संशय घ्यावा. ११० दिसत असेल तर तक्रारीला जागाच नाही, कारण घरातलं गिगाबिट नेटवर्क याहून फारसं जास्त देऊ शकत नाही. तरीही वेग कमी वाटला की पहिला आळ डिस्कवर येतो, नवी डिस्क आणली जाते आणि तीही तितकीच मंद चालते.

डिस्कवरून निघालेली फाइल आपल्यापर्यंत येताना बरेच टप्पे ओलांडते. तबकडी, डिस्कच्या पेटीतलं छोटं सर्किट, यूएसबीची केबल, सर्व्हर म्हणून राबणारा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय, फाइल सिस्टिम, फाइली नेटवर्कवर वाटणारं सांबा, राउटर आणि शेवटी आपल्या हातातला फोन. यांतला सगळ्यात मंद टप्पा एकूण वेग ठरवतो. तो टप्पा अंदाजाने शोधायचा नाही, मोजून शोधायचा, हे माझं मुख्य म्हणणं आहे. आणि मोजायला बसण्याआधी डिस्कवर जे दुसरीकडे कुठेच नाही, ते आधी उतरवून घ्यायचं.

पुण्यात असे सर्व्हर बऱ्याच घरांत आहेत. कुठे निवृत्त अभियंत्याने जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकलेलं असतं, कुठे आयटीतल्या मुलीने आईवडिलांसाठी टीव्हीमागे रास्पबेरी पाय जोडून दिलेला असतो. त्यावर लग्नाच्या व्हीएचएस टेपवरून उतरवलेलं चित्रण असतं, घरगुती बैठकींच्या कॅसेटी असतात, कुलवृत्तांताची स्कॅन केलेली पानं, मोडीतल्या जुन्या दस्तांचे फोटो, गणपतीचे, मुंजींचे, सहलींचे फोटो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधल्या कितीतरी घरांतली पत्रं, वह्या आणि फोटो एका दिवसात गेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि अरण्येश्वर, सहकारनगर भागातल्या तळमजल्यांवर पाणी शिरलं. अशा शहरात घराचा सगळा ठेवा एकाच डिस्कवर असणं ही साधी बाब नाही. शिवाय हे शहर या विषयात अनभिज्ञही नाही. सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक इथेच उभा केला. व्हेरिटाससारख्या साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमधल्या कंपनीचं मोठं काम इथून चाललं. बॅकअपच्या क्षेत्रातली ड्रुवा २००८ मध्ये पुण्यातच सुरू झाली. एवढं ज्ञान शहरात असताना घरच्या डिस्कचं निदान मात्र अजून ऐकीव सल्ल्यांवर होतं, याची मला मनापासून खंत वाटते.

मंदपणाची बहुतेक कारणं निरुपद्रवी असतात, एक मात्र तसं नसतं. डिस्क खरोखरच अखेरच्या घटका मोजत असू शकते. तबकडीवरचा एखादा भाग वाचता येईनासा झाला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचून पाहते. घरगुती डिस्क एका सेक्टरवर कितीतरी सेकंद अडून राहते. सर्व्हरसाठी बनवलेल्या डिस्क साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडतात आणि चूक झाल्याचं कळवतात. म्हणून मरू घातलेल्या डिस्कचा मंदपणा सलग नसतो. कॉपी नीट चाललेली असते, मध्येच शून्यावर येते, थोड्या वेळाने पुन्हा धावते. दर वेळी त्याच फोल्डरपाशी अडते. कधी आतून टकटक ऐकू येते.

हे ओळखण्यासाठी डिस्क स्वतःची नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. लिनक्सवर स्मार्टसीटीएल आणि विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो ही वही उघडून दाखवतात. यादी लांबलचक असते, पण घरच्या कामाला चार नोंदी पुरतात. क्रमांक ५ वर बदली झालेले सेक्टर, १९७ वर निकालाची वाट पाहणारे संशयित सेक्टर, १९८ वर वाचताच न आलेले. या तिन्ही ठिकाणी शून्य हवं. चौथी नोंद १९९. ती वाढत असेल तर तबकडी ठीक असून जोडणीत दोष आहे, मात्र तो पेटीच्या आतल्या जोडणीतला. बाहेरच्या यूएसबी केबलचे दोष इथे उमटत नाहीत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. काही पेट्यांमधलं सर्किट ही वही पुढे पाठवतच नाही. अशा वेळी स्मार्टसीटीएलला डिस्कचा प्रकार वेगळा सांगून पाहावा लागतो.

या नोंदींवर किती भिस्त ठेवावी? २००७ मध्ये गूगलच्या तीन संशोधकांनी आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली वाचनचूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट निघाली. पण त्याच अभ्यासात निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कच्या महत्त्वाच्या स्मार्ट नोंदींमध्ये आधी काहीच दिसलं नव्हतं. म्हणजे वहीत डाग दिसला तर त्याच दिवशी हालचाल करावी आणि वही कोरी असली तरी निश्चिंत राहू नये. संशय आल्यावर त्या डिस्कवर चेकडिस्क किंवा डीफ्रॅग चालवणं मी सपशेल चूक मानतो. त्या दोन्हींमुळे दुबळ्या डिस्कला तासन्‌तास राबावं लागतं. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारे भाग उचलतं, अवघड जागांकडे शेवटी वळतं आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं. अशा डिस्कसाठी तेच योग्य.

आता मोजणी. पहिलं माप सर्व्हरवरच बसून घ्यायचं, नेटवर्क पूर्ण बाजूला ठेवून. लिनक्समध्ये एचडीपार्म काही सेकंद सलग वाचून आकडा देतं. लिहिण्याचा वेग डीडीने पाहता येतो, पण इथे एक फसगत असते. लिनक्स लिहायचा मजकूर आधी मेमरीत घेतं आणि सवडीने डिस्कवर उतरवतं. त्यामुळे पहिला एखादा गिगाबाइट अविश्वसनीय वेगाने जातो आणि मग काटा एकदम खाली येतो. बरेच जण या उताराला डिस्कचा दोष समजतात. मेमरी वगळून थेट लिहायला सांगितलं किंवा मेमरीपेक्षा बरीच मोठी फाइल घेतली की खरा आकडा मिळतो. अडीच इंची, ५४०० फेऱ्यांची निरोगी डिस्क सलग वाचनात १०० ते १४० मेगाबाइट देते, साडेतीन इंची दीडशेच्या पुढे जाते. डिस्क भरत आली की वेग उतरतो, कारण तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेरीत जास्त मजकूर मावतो. आतल्या कडेला वेग जवळजवळ निम्मा होतो. काठोकाठ भरलेली डिस्क साठपर्यंत उतरली तर तो तिचा स्वभाव आहे, आजार नव्हे.

सर्व्हरवर बसून शंभराच्या पुढचा आकडा मिळाला, तर डिस्कला हात लावायचा नाही. तिथून पुढे नेटवर्क तपासायचं. या एका पायरीने निम्मी शोधाशोध संपते, आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

आकडा तिथेच ३० ते ४० च्या दरम्यान अडकला तर यूएसबी २.० वर जवळपास शिक्कामोर्तब झालं. २००० साली आलेल्या त्या मानकाचा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट आणि देवाणघेवाणीचा खर्च वजा करता हाती एवढंच उरतं. २००८ मधल्या यूएसबी ३.० चा कागदावरचा वेग त्याच्या दहापट आहे, म्हणून फिरत्या तबकडीला तो कधीच कमी पडत नाही. पण डिस्क, केबल आणि पोर्ट या तिघांपैकी एक जरी जुना असला तरी सगळी जोडणी २.० वर घसरते, आणि तसा कुठलाही इशारा मिळत नाही. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आत लांब वायरने जोडलेले असतात, तिथे हे हमखास घडतं. पोर्टेबल डिस्कचं चपटं, दोन भागांचं टोक अर्धवट बसलं तरी हेच होतं. टाइप-सी केबल पाहून फसू नये. फोन चार्ज करायच्या पुष्कळशा टाइप-सी केबलींमध्ये २.० चीच तारजोडणी असते. तपकीर गल्लीत केबल घेताना चार्जिंगची की डेटाची, आणि डेटाची असेल तर ५ गिगाबिटची का, हे स्पष्ट विचारावं. लिनक्सवर एलएसयूएसबी झाडाच्या रूपात दाखवायला सांगितलं की प्रत्येक उपकरणापुढे ४८० किंवा ५००० असं लिहून येतं. वाद तिथेच मिटतो.

रास्पबेरी पायच्या बाबतीत पिढी महत्त्वाची. पाय ३ पर्यंतच्या बोर्डांमध्ये इथरनेट आणि सगळे यूएसबी पोर्ट एकाच यूएसबी २.० वाटेने प्रोसेसरपर्यंत जात. डिस्कवरून वाचलेलं नेटवर्कवर पाठवायचं तर तीच वाट दोनदा वापरावी लागे. २०१८ च्या ३ बी प्लसवर गिगाबिट लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात ३०० मेगाबिटच्या आसपासच मिळत. जून २०१९ मध्ये पाय ४ आला, त्यात इथरनेट स्वतंत्र झालं आणि यूएसबी ३.० आलं. म्हणून जुन्या पायवर मंदपणाची औषधं शोधण्यात वेळ घालवू नये. घरात पडून असलेला पाच-सात वर्षांचा लॅपटॉप त्या कामाला कितीतरी चांगला.

पाय ४ नंतर वेगळीच तक्रार पुढे आली. पोर्ट ३.० चा, केबल नवी, तरी डिस्क मधूनच गोठते किंवा सुटून पुन्हा जोडली जाते. इथे पेटीतल्या छोट्या सर्किटकडे बघावं लागतं. जुन्या पद्धतीत यूएसबीवर एका वेळी एकच आज्ञा जाते, ती पुरी झाल्यावर पुढची. यूएएस या नव्या पद्धतीत अनेक आज्ञा रांगेत लावता येतात. काही पेट्यांमधल्या चिप यूएएस येत असल्याचं सांगतात आणि ताण आला की गडबडतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये अशा सदोष उपकरणांची यादीच आहे. आपलं उपकरण यादीत नसेल तर त्याचा ओळखक्रमांक देऊन यूएएस बंद करता येतं. फिरत्या डिस्कचा सलग वेग त्याने फारसा घटत नाही. एसएसडीचा मात्र बराच घटतो. म्हणून फिरत्या डिस्कसाठी हा उपाय मला मान्य आहे, एसएसडीसाठी पेटी बदलणं बरं. आणि कर्नलच्या नोंदींमध्ये पुन्हा जोडणी झाल्याच्या ओळी दिसत नसतील, तर यूएएसला हात लावायचं कारणच नाही.

त्याच नोंदींमध्ये कमी व्होल्टेजचा इशाराही सापडतो, आणि पुण्यातल्या घरांत तो वारंवार सापडतो, कारण पायला फोनचा चार्जर लावलेला असतो. पाय ४ चा स्वतःचा अडॅप्टर ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा आहे. त्याचे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. अडीच इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना एकटी एक अँपिअरच्या आसपास ओढू शकते. दोन डिस्क लावल्या की हिशेब तुटतो. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब हा यावरचा खरा उपाय आहे, किंवा स्वतंत्र वीज घेणारी साडेतीन इंची डिस्क. आणि सर्व्हर छोट्या यूपीएसवर हवाच. महावितरणची देखभालीची कामं पुण्यात बहुधा गुरुवारी असतात. ती वेळ आधी कळते तरी, पावसाळ्यात अचानक जाणारी वीज कळत नाही. लिहिता लिहिता वीज गेली की फाइल सिस्टिमवर अपुरेपणाची खूण राहते. पुढच्या वेळी ती डिस्क नुसती वाचता येते, लिहिता येत नाही, किंवा जोडलीच जात नाही.

आता ज्या कारणाने सर्वांत जास्त मनस्ताप दिला, त्याकडे येतो. डिस्क नवी आहे, पोर्ट ३.० चा आहे, स्मार्टची वही स्वच्छ आहे. पहिले कित्येक गिगाबाइट १२० च्या वेगाने चढतात, मग वेग तीसवर येतो, नंतर दहावर. तासभर थांबून पुन्हा सुरू केलं की परत १२०. याचं कारण एसएमआर. जास्त मजकूर मावावा म्हणून या डिस्कमध्ये मजकुराच्या वर्तुळाकार पट्ट्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. वाचणारं टोक अरुंद असतं, त्याला उघडी राहिलेली किनार पुरते. लिहिणारं टोक रुंद असतं, ते शेजारची पट्टीही पुसतं. म्हणून मधली एक पट्टी बदलायची तर तिच्या पुढच्या साऱ्या पट्ट्या उचलून पुन्हा लिहाव्या लागतात. हे झाकण्यासाठी डिस्क एक साधा भाग राखून ठेवते, येणारा मजकूर आधी तिथे घेते आणि निवांत वेळी योग्य जागी हलवते. तो राखीव भाग भरला की डिस्कला एकाच वेळी घ्यायचं आणि हलवायचंही काम पडतं. वेग कोसळतो तो तिथे.

हे तंत्र २०१३ च्या सुमारास बाजारात आलं. आज एक-दोन टेराबाइटच्या पुढच्या बहुतेक अडीच इंची पोर्टेबल डिस्क एसएमआर आहेत आणि खोक्यावर ते लिहिलेलं नसतं. एप्रिल २०२० मध्ये याचा बोभाटा झाला, तो खास नॅससाठी, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणपेट्यांसाठी, विकल्या जाणाऱ्या डिस्कवरून. वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क न सांगता एसएमआर केल्या होत्या. त्यानंतर कंपनीने यादी जाहीर केली आणि साध्या पद्धतीच्या, म्हणजे सीएमआर, डिस्क रेड प्लस या वेगळ्या नावाने विकायला सुरुवात केली. त्याच काळात झालेल्या एका चाचणीत झेडएफएस या फाइल सिस्टिमने एकत्र बांधलेल्या डिस्कच्या गटात एक डिस्क बदलून मजकूर पुन्हा भरायला सीएमआरला दिवसभरही लागला नाही, एसएमआरला नऊ दिवसांहून अधिक लागले. अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या रेड (RAID) रचनेत एसएमआर डिस्क घालू नये, हे त्या वर्षी साऱ्यांना कळलं.

तरीही एसएमआरला सरसकट वाईट म्हणणं मला पटत नाही. फोटो एकदा चढवायचे आणि मग वर्षानुवर्षं फक्त पाहायचे, अशा घरासाठी ती पुरेशी आहे. वाचनात ती कुठेच कमी पडत नाही. फक्त तिच्याकडून काम करून घेण्याची रीत वेगळी. मोठी कॉपी रात्री लावावी, हप्त्याहप्त्याने करावी आणि संपल्यावर डिस्क लगेच बंद न करता काही तास चालू ठेवावी, म्हणजे ती राखीव भाग रिकामा करून घेते. रोज सतत लिहिणाऱ्या कामांसाठी, म्हणजे सीसीटीव्ही, टोरंट किंवा डेटाबेस, ती घेऊच नये.

फाइल सिस्टिमचा प्रश्न यापेक्षा सोपा आहे. बाजारातून आलेली डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये असते आणि तशीच लिनक्सच्या सर्व्हरला लावली जाते. लिनक्सवर एनटीएफएसचं काम बरीच वर्षं एनटीएफएस-३जी हा कर्नलबाहेर चालणारा कार्यक्रम करत होता. दुबळ्या प्रोसेसरवर तो एकटाच प्रोसेसरचा एक गाभा पूर्ण व्यापतो. कॉपी चालू असताना चालू कामांची यादी दाखवणारं टॉप उघडून पाहिलं की तो सर्वांत वर दिसतो. २०२१ च्या अखेरीस आलेल्या कर्नल ५.१५ पासून एनटीएफएस३ हा कर्नलमधला पर्याय मिळाला आणि वेग बराच सुधारला. पण डिस्क कायम सर्व्हरलाच राहणार असेल तर ती सरळ एक्स्ट४ करावी. नेटवर्कवरून पाहणाऱ्या विंडोजला आत कोणती फाइल सिस्टिम आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. डिस्क काढून कधीमधी विंडोजला लावायची असेल तरच एनटीएफएस ठेवण्यात अर्थ आहे.

सर्व्हरवर बसून ११० मिळतात आणि लॅपटॉपवर ११, तेव्हा उत्तर नेटवर्कमध्ये आहे. ११ म्हणजे १०० मेगाबिटचं इथरनेट. ते राउटरच्या पोर्टमुळे असेल, नाहीतर केबलमुळे. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात. दाराच्या फटीतून नेलेल्या, वळणावर दबलेल्या केबलमधल्या उरलेल्या चारपैकी एक तार तुटली की जोडणी तुटत नाही, गुपचूप १०० वर उतरते. इंटरनेटचं पॅकेजच १०० मेगाबिटचं असेल तर हे वर्षानुवर्षं लक्षात येत नाही, कारण इंटरनेट पूर्ण वेगाने चालत असतं. इथे आयपर्फ३ वापरावं. ते डिस्कला न शिवता दोन यंत्रांमधला नुसता नेटवर्कचा वेग मोजतं.

वायफायवर आकडे याहून अस्थिर. बाणेर-वाकडच्या उंच इमारतींत एका फ्लॅटमधून शेजारपाजारची वीस-पंचवीस नावं दिसतात आणि २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच. सदाशिव-नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांत शेजारी कमी त्रास देतात, पण दीड-दोन फुटी भिंती ५ गिगाहर्ट्‌झची लहर अडवतात. आणखी एक कारण फारसं कुणाला ठाऊक नसतं. यूएसबी ३.० ची जोडणी स्वतःच २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास रेडिओ-गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्ये त्यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. राउटरला चिकटून ठेवलेली डिस्क आपल्याच वायफायचा गळा आवळत असते. तिला हातभर दूर ठेवावं, चांगल्या आवरणाची केबल वापरावी, आणि सर्व्हर तरी तारेनेच राउटरला जोडावा.

सगळं मोजून ठीक निघालं तरी फोटोंचा फोल्डर रांगत जातो, अशी एक तक्रार उरते. चार गिगाबाइटची एक फाइल शंभराने जाते, तेवढ्याच वजनाचे दहा हजार फोटो दहाने जातात. प्रत्येक फाइलसाठी सांबाला उघडणं, नाव तपासणं, तारीख लिहिणं, बंद करणं असे अनेक निरोप पाठवावे लागतात आणि प्रत्येक निरोपाला जाऊन-येऊन थोडा वेळ लागतो. वायफायवर आणखी जास्त. तबकडीचं टोकही दर वेळी जागा शोधत फिरतं. ५४०० फेऱ्यांच्या डिस्कवर नुसती अर्धी फेरी व्हायला साडेपाच मिलिसेकंद जातात. इथे कुठलंही सेटिंग जादू करत नाही. फोल्डरची एक झिप करून न्यावी आणि सर्व्हरवर उघडावी, किंवा आरसिंक सर्व्हरवर चालवून फक्त बदललेलं आणावं. कूटबद्ध मार्गाने, म्हणजे एसएफटीपीने नेताना पाय ४ चा प्रोसेसर दमतो, कारण त्यात एईएस या कूटपद्धतीसाठी वेगळी सोय नाही. पाय ५ मध्ये ती आहे.

काही वेळा सर्व्हर स्वतःच डिस्कला राबवत असतो. जेलिफिन किंवा प्लेक्स नव्या फाइलींची चित्रं काढतं, एखादा कार्यक्रम लघुचित्रं बनवतो, विंडोजचं अँटीव्हायरस नेटवर्कवरची प्रत्येक फाइल उघडून बघतं. आयोस्टॅटवर आपण काहीही करत नसताना डिस्क व्यग्र दिसली, तर हेच चाललेलं असतं. आणि फाइल उघडताना पहिले पाच-दहा सेकंद शांतता, मग सगळं सुरळीत, असं होत असेल तर डिस्क झोपेतून उठते आहे. दर दहा मिनिटांनी झोपणं आणि उठणं यापेक्षा सतत फिरणं डिस्कच्या प्रकृतीला बरं, असं माझं मत आहे.

नेहमी सुचवल्या जाणाऱ्या उपायांपैकी जंबो फ्रेमचा, म्हणजे नेटवर्कवरची पाकिटं मोठी करण्याचा, उल्लेख करायला हवा. घरच्या गिगाबिटवर त्याचा फायदा नगण्य आणि एखादं उपकरण त्यात बसलं नाही तर त्रास मोठा. तो सल्ला सोडून द्यावा. यूएसबीवरच्या डिस्कची रेड बांधणं मला धोक्याचं वाटतं. एक पेटी क्षणभर सुटली की पूर्ण गट तुटल्याचं समजलं जातं. सगळं एसएसडीवर न्यावं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की गिगाबिटवरून एसएसडीही सलग कॉपीत ११० च देते. तिचा फायदा हजारो लहान फाइलींमध्ये आहे, आणि तो तिथे भरघोस आहे.

उष्णतेबद्दल मात्र बोललं पाहिजे तेवढं बोललं जात नाही. अनेक पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात भोवतालच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश लिहिलेली असते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी बाहेर चाळीस असतं आणि टीव्हीखालच्या बंद कपाटात सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि सर्व्हर एकत्र तापत असतात. पायचा प्रोसेसर ८० अंशांना पोचला की आपला वेग स्वतः कमी करतो. दुपारी मंद आणि रात्री ठीक, अशी तक्रार असेल तर कपाटाचं दार उघडं ठेवून पुन्हा मोजावं.

नवी डिस्क घ्यायचीच असेल तर घरच्या सर्व्हरसाठी साडेतीन इंची, स्वतंत्र अडॅप्टरची, आणि मॉडेल क्रमांकावरून सीएमआर असल्याची खात्री करून घ्यावी. मंद झालेली पण निरोगी जुनी डिस्क टाकून देऊ नये. तिच्यावर दुसरी प्रत ठेवावी आणि ती वेगळ्या घरी, शक्यतो वरच्या मजल्यावर असावी. कोथरूडच्या घराची प्रत हडपसरच्या बहिणीकडे आणि तिची आपल्याकडे, ही व्यवस्था दोन्ही कुटुंबांना फुकटात मिळते. नव्या डिस्कवर काहीही चढवण्याआधी तीन मापं घ्यावीत, सर्व्हरवर बसून वाचनाचं आणि लिहिण्याचं, आणि लॅपटॉपवरून मोठ्या फाइलचं. स्मार्टच्या त्या चार नोंदींसह ती तारीख घालून कागदावर लिहावीत आणि कागद डिस्कच्या खोक्यात ठेवावा. दोन वर्षांनी कुणी मंद झाल्याचं म्हणालं, तर नेमकं कशापेक्षा मंद आणि कोणत्या टप्प्यावर, हे त्या कागदाशी ताडून बघता येतं.